उखर्डूचा हां

केळी कापायच्या कामात आमचा एक नियम आहे. खांदा देणाऱ्यानं 'हां' म्हटल्याबिगर कापणाऱ्यानं विळा चालवायचा नाही. आमच्या टोळीत कापणारा मी, आणि माझ्या घडाला खांदा देणारा उखर्डू. वीस वर्षं झाली या जोडीला. उखर्डू घडाखाली वाकतो, खांद्यावरचं दुमडलेलं पोतं सारखं करतो, काळ्या मातीत पाय रोवतो अन् म्हणतो, "हां." मग माझा विळा दांड्यावर पडतो आणि पंचवीस किलोचा घड त्याच्या खांद्यावर येतो. तो घेऊन तो बांधाकडे जातो, मी पुढच्या झाडाला लागतो. हां यायच्या आधी घाव घातला तर घड मानेवर यायचा. एकाची मान अशीच गेली होती, तेव्हापासून हा नियम. आणि तो केला कोणी, तर मीच. टोळीचा मुकादम मी आहे.

तेव्हा मला कोणी म्हटलं की लोटू, तुला ऐकता येत नाही, तर डोकं फिरणार नाही तर काय होईल? माणसाचा जीव माझ्या कानावर चालतो, आणि मला ऐकता येत नाही म्हणे. माझी बायको मालूबाई हे लग्न झाल्यापासून म्हणते. तिचं मी कधी मनावर घेतलं नाही. म्हणजे ऐकलंच नाही म्हणा.

संध्याकाळी मी आमच्या फोपनारच्या पोरींना कबड्डी शिकवतो. जवानीत मी जिल्ह्याला खेळलेलो. दोन कप अजून घरात आहेत, एकात मालूबाई खिळे ठेवते. सहा वर्षांपूर्वी शाळेतल्या वंदना मॅडम म्हणाल्या, लोटूभाऊ, पोरींना शिकवणारं कोणी नाही, तुम्ही या. तेव्हापासून सकाळी बाग आणि संध्याकाळी शाळेमागचं मैदान. सकाळी मुकादम, संध्याकाळी सर. दहावी नापास माणसाला कोणी सर म्हटल्यावर कसं वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

शिकवायची माझी पद्धत एकच, आवाज. मी रेषेबाहेर उभा राहून ओरडलो की चार शेतं पलीकडं बैल थांबतात, असं लोक म्हणतात. पोरगी चुकली की मैदानाला तीन फेऱ्या. का चुकलं ते सांगायला तोंड उघडलं की पाच. त्यामुळं कारण कोणी सांगतच नव्हतं. "हो सर" म्हणायच्या आणि पळायच्या. मला वाटायचं, याला म्हणतात शिस्त.

या पोरींत सगळ्यात वरचढ तृप्ती. उखर्डूचीच पोरगी, सोळाची, अंगानं काटक. रेडला गेली की एका दमात दोघींना हात लावून परत यायची. दिवाळीच्या आधी बुऱ्हाणपूरला खेळाच्या होस्टेलची ट्रायल होती. जी निवडली जाईल तिचं राहणं, खाणं, शाळा, खेळ, सगळं मोठ्या शहरात. आमच्या गावातून आजवर एकही पोरगी गेली नव्हती. तृप्ती जाणार, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. तिचा फार्म मीच भरला. कुठल्या जागेवर खेळते, त्या रकान्यात 'रेडर' असं मीच लिहिलं. त्यात तिला काय विचारायचं?

आणि ट्रायलला महिना राहिला तेव्हाच पोरगी बिघडली. उजवा हात टाकेना. समोरची उजवीकडं उभी आहे, नुसता हात लांब केला की बाद होतेय, तरी ही डाव्या हातानंच जायची. बोनसच्या रेषेपर्यंत पोचायच्या आधी वळायची. कबड्डी-कबड्डी म्हणता म्हणता आवाज बारीक व्हायचा आणि मधेच दम तुटायचा. मी ओरडलो. फेऱ्या दिल्या. होस्टेलचं नाव ऐकून शेफारली, असं सगळ्यांदेखत म्हणालो. एकदा ती म्हणाली, "सर, मले कोपऱ्यात ठेवून पाहा ना." म्हणजे रेड नको, कोपऱ्यात उभी राहून पकड करते. मी म्हटलं, कोपऱ्यात मांजर बसते, तू रेड मार. पोरी हसल्या. तीही हसली आणि हो सर म्हणाली.

त्यातच बुऱ्हाणपूरला आम्हा गावोगावच्या कोच लोकांचं दोन दिवसांचं शिबिर लागलं. शिकवायला प्रभाकर सर म्हणून एक म्हातारे, रिटायर झालेले खेळाचे मास्तर. मला वाटलं नवे डाव दाखवतील. या बाबानं फळ्यावर लिहिलं, 'ऐकणे'. झालं, म्हटलं, दोन दिवस पाण्यात गेले.

दोघादोघांच्या जोड्या लावल्या. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, आणि मग ऐकलेलं सगळ्यांना सांगायचं. माझ्या जोडीला निंबोल्याचा नंदकुमार आला, खो-खो शिकवतो. त्यानं सुरू केलं की हल्ली पोरी सरावाला येत नाहीत. मला लगेच कळलं दुखणं काय आहे. मी म्हटलं, फेऱ्या दे. पुढं तो काय बोलला मला माहीत नाही, कारण पुढं मीच बोललो. सांगायची पाळी आली तेव्हा मी उभा राहून सांगितलं की नंदकुमारच्या पोरींना शिस्त नाही. नंदकुमार मान खाली घालून म्हणाला की पोरींबद्दल त्याची काही तक्रारच नव्हती, मैदानाच्या वाटेवर टवाळ पोरं उभी राहतात म्हणून पोरी येत नाहीत. सगळा हॉल हसला.

प्रभाकर सर तेवढे हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लोटूभाऊ, पोरगी तुम्हाला पाहिजे तोच शब्द देते. आवाज मात्र तिचा स्वतःचा असतो. तो ऐका." मी हो सर म्हटलं. मनात म्हटलं, गाढवापुढं वाचली गीता. गाढव कोण, ते तेव्हा कळलं नव्हतं.

तरी परत आल्यावर करून पाहिलं. तृप्तीला मैदानाच्या कडेला बसवलं, म्हटलं, बोल, मी ऐकतोय. ती म्हणाली, काही नाही सर. मी गप्प बसलो. घड्याळात पाहत होतो. वीस सेकंद झाली नसतील. मग मीच सुरू झालो. मेहनत काय असते, मी कसा खेळायचो, होस्टेल कसं असतं. पंधरा मिनिटांनी ती हो सर म्हणून उठली. घरी मालूबाईला सांगितलं की बघ, ऐकायला बसलो तर पोरगी बोलत नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी," आणि भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं, तृप्तीबद्दलच म्हणतेय.

ट्रायल रविवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारची गोष्ट.

दसऱ्यानंतरचा उकाडा तुम्हाला माहीत आहे. बाहेर जरा वारा असतो, केळीच्या बागेत त्याला शिरायला जागा नाही. पानांवरचं दव मानेवर टपकतं, खालून ओल्या मातीची वाफ येते, आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. सगळं कानानं चालतं. व्यापाऱ्याची गाडी नऊला भरून जायची होती म्हणून आम्ही उजाडतानाच लागलो होतो. उखर्डू घडाखाली वाकला. म्हणाला, "हां."

माझा हात वर गेला आणि तिथंच राहिला. उखर्डूवर संशय होता म्हणून नाही, खोटं कशाला सांगू. म्हटलं पाहू तर खरं, तो बाबा म्हणत होता ते आवाजात असतं काय.

शब्द हांच होता. पण तो दातांतून आला होता. नंतर श्वास सोडल्याचा आवाजच आला नाही, म्हणजे त्यानं दम कोंडून धरला होता. आणि पायाखालची वाळलेली पानं खुसखुस वाजत होती. माणूस उभा होता आणि त्याचा पाय थरथरत होता. मी विचारलं, बरं आहे ना रे? तो घाईनं म्हणाला, हां हां, काप. मी कापलं. तो गेला.

मी पुढचं झाड सोडून तसाच उभा राहिलो. बांधावरून गाडीपर्यंत दोनशे पावलं, तेवढीच परत. उखर्डू अर्ध्या वेळात परत आला. असा तो कधीपासून येत होता? अहो, मी त्याच आठवड्यात टोळीसमोर त्याची तारीफ केली होती, की पन्नाशीला आला तरी उखर्डू पाहा कसा पळतो.

पुढचा घड कापला आणि त्याच्या मागं गेलो. बागेच्या टोकाला, पाण्याच्या पायपांची चावी आहे तिथं, उखर्डू गुडघ्यावर बसला होता. तृप्ती त्याच्या खांद्यावरचा घड आपल्या उजव्या खांद्यावर ओढून घेत होती. शाळेच्या ड्रेसवर बापाचा जुना शर्ट घातला होता, केळीच्या चिकाचे डाग पडू नयेत म्हणून. घड खांद्यावर बसला तेव्हा तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवले. ती पावलं मोजत होती. तेवढ्यात टोळीतला भाईदास आपला घड घेऊन शेजारून गेला. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. म्हणजे त्याला रोजचंच होतं. सगळ्यांनाच रोजचं होतं, एक मी सोडून.

मी हाक मारली. दोघं असे दचकले की जणू मी चोरी पकडली. तृप्तीनं घड खाली ठेवला नाही, खांद्यावर घेऊनच उभी राहिली. मीच पुढं होऊन उतरवला.

उखर्डूची कंबर श्रावणात धरली होती. घड खांद्यावर घेऊन उभं राहता येत होतं, दहा-वीस पावलं जाता येत होतं, पुढं पाय उचलत नव्हता. मग पोरगी यायला लागली. उजाडताना बागेत, साडेनऊला शाळेत, संध्याकाळी माझ्या फेऱ्या. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? उखर्डू मातीकडं पाहत म्हणाला, "तू गोटूले काढलं, तवा मी तिथंच उभा होतो ना भाऊ."

गोटू आमच्याच टोळीत होता. गेल्या साली त्याची पाठ गेली. तो काही सांगायला आला होता. मी टोळीसमोर म्हटलं, ज्याच्यानं घड उचलत नाही त्यानं बागेत यायचं नाही, गाडी कारणं भरून जात नाही. तो काय सांगणार होता ते मला आजही माहीत नाही. आता शेळ्या चारतो, मी दिसलो की तोंड फिरवतो.

मग मी तृप्तीकडं वळलो. म्हटलं, हा नाही बोलला, पण तुला तर खांदा दुखतो म्हणता आलं असतं. मैदानावर मी तुझा सर होतो.

ती आधी बापाकडं पाहत होती. मग माझ्याकडं पाहिलं. "संध्याकाळी तुम्ही सर, सकाळी तुम्हीच मुकादम," ती म्हणाली. "सरले सांगितलं असतं तर मुकादमले समजलं असतं. मंग मी कोणाले सांगायचं होतं, काका?"

पोरगी महिनाभर दोन्हीकडून कोंडली होती आणि दोन्ही दारांत मीच उभा होतो. लाज वाटली. इतकी की त्या दोघांसमोर उभं राहवेना. तिला म्हटलं, शाळेत जा. ती गेली नाही. मी अजून काहीतरी बोलणार म्हणून उभी होती. मी बोललो नाही तेव्हा तीच बोलली. म्हणाली, "हात वर केला तर दुखते. खाली वाकून पाय धरला तर बिलकुल नाही दुखत. म्हणूनच कोपरा मागत होती, सर."

त्या दिवशी गाडी तासभर उशिरा गेली. घरी आलो आणि मालूबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला माहीत आहे, महिनाभर तीच आपल्या चुलीवर वीट तापवून त्या पोरीचा खांदा शेकतेय. माझ्याच घरात! मी म्हटलं, मग मला सांगायचं नाही?

"तीनदा सांगितलं," मालूबाई म्हणाली. "दोनदा तुम्ही म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. एकदा म्हणाले, आज बरोबर आहे."

दिवसभर डोक्यात हेच फिरत होतं. उखर्डूला ठेवावं तर टोळी विचारणार, गोटूनं काय घोडं मारलं होतं? काढावं तर त्याच्या घरची चूल विझणार, आणि पोरगी होस्टेल सोडून कायमची बागेत यायची. गप्प बसावं तर तिचा खांदा जाणार. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

गुरुवारी सकाळी मी विळा उखर्डूच्या हातात दिला आणि त्याच्या खांद्यावरचं पोतं माझ्या खांद्यावर घेतलं. कापायला कंबर वाकवावी लागत नाही, हात चालला म्हणजे झालं. तो नाही नाही म्हणत होता. टोळी उभी राहून पाहत होती. वीस वर्षांत मी घड उचलला नव्हता. भाईदास म्हणाला, "बरं हाय मुकादम. अन् गोटूचं काय?"

त्याचं म्हणणं वाजवी होतं. पूर्वी मी त्याला तिथंच झापला असता. मी म्हटलं, तू बोललास ते ऐकलं. आणि पहिल्या घडाखाली वाकलो.

तीन दिवस तृप्ती बागेत आली नाही, मैदानावर रेडला गेली नाही. कोपऱ्यात उभी राहिली. आमची दुसरी रेडर दीपाली रेडला यायची आणि ही वाकून तिचा घोटा असा धरायची की ती हलायची नाही. आणि मी बाहेर उभा राहून पाहत होतो, की ही पोरगी मुळातच कोपऱ्याची आहे. सहा वर्षं मी तिला माझ्यासारखी रेडर करत होतो.

रविवारी वंदना मॅडम आणि मी तृप्तीला घेऊन बुऱ्हाणपूरला गेलो. आणि तिथं माझंच अक्षर आडवं आलं. निवड करणाऱ्या मॅडमनं फार्म पाहिला, रेडर लिहिलेलं होतं, तिला रेडला बोलावलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी उठलोच होतो. घशापर्यंत आलं होतं सगळं, की मॅडम, चूक माझी आहे, हिला असं करा, तसं करा. वंदना मॅडमनी माझी बाही धरली. मी खाली बसलो. दात आवळून बसलो, देवाची शपथ, उखर्डूचा तो हां कसा निघत असेल ते मला तिथं कळलं.

तृप्ती एकदा रेडला गेली, डाव्या हातानंच, रिकामी परत आली. मग रेषेबाहेर येऊन मॅडमसमोर उभी राहिली. आवाज कापत होता, पण लांबूनसुद्धा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "मॅडम, मैं रेडर नहीं हूँ. फार्म में गलत लिखा है. मुझे कोने में पाँच मिनट दे दो." मॅडम म्हणाल्या, फार्ममध्ये आहे तेच पाहणार. ती तिथून हलली नाही. जागा सोडून गेली नाही, रडली नाही, हो मॅडमही म्हणाली नाही. शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर, तिला पाच मिनिटं मिळाली. पाच मिनिटांत तिनं तीन पकडी केल्या. निघताना त्या मॅडमनी तिचा उजवा खांदा दाबून पाहिला.

यादी सोमवारी सकाळी वंदना मॅडमच्या फोनवर आली. तृप्तीचं नाव यादीत नव्हतं. खाली राखीव म्हणून दोन नावं होती, त्यांत दुसरं तिचं. वरची एखादी गळाली तर बोलावतील, आणि तोवर खांदा डॉक्टरला दाखवा, असं लिहिलं होतं. रेडर लिहिलं नसतं तर? हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. तृप्तीनंही नाही. तिनं विचारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "राखीव तर राखीव. उद्या प्रॅक्टिस है ना, सर?"

ते ऐकून मी तसाच बागेत आलो. गाडी उभी होती. तीन दिवस घड वाहून माझा उजवा गुडघा सुजला होता, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुकादमानं कसं सांगायचं? गोटूकडंही अजून गेलो नव्हतो. दोनदा त्याच्या घरापर्यंत जाऊन परत आलो होतो. काय बोलायचं ते पाठ करत होतो आणि बोलायचं तर नव्हतंच, ऐकायचं होतं.

उखर्डूनं घडाच्या दांड्याला हात लावला. मी खाली वाकलो, पोतं सारखं केलं, मातीत पाय रोवले. गुडघ्यातून कळ आली ती डोक्यापर्यंत गेली. पण टोळी ऐकत होती. मी म्हटलं, "हां."

काही झालं नाही. घड आला नाही. बागेत नुसतं दव टपकत होतं. मी वाकल्यावाकल्या विचारलं, काय झालं, काप ना.

"नाई कापत," उखर्डू म्हणाला. "हा हां खरा नाई, भाऊ. काय दुखू राहिलं ते सांग पहिले."